बाप्तिस्म्याची किंमत कोणी चुकवली? सोलापूर परिसराची पार्श्वभूमी

१ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. हिंदू म्हणून मरणार नाही, या १९३५ च्या त्यांच्या येवल्याच्या घोषणेला दोन वर्षं उलटून गेली होती आणि ते कोणता धर्म स्वीकारणार याकडे सगळ्या मिशनांचे डोळे लागले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयीचा आदर त्यांनी मोकळेपणानं सांगितला. दक्षिणेतल्या चर्चमध्ये टिकून राहिलेल्या जातिभेदावर बोट ठेवलं. आणि मग एक अगदी रोकडा मुद्दा काढला : अस्पृश्यांचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती बंद होते, जातीत राहिला तर चालू राहते. तुमची इतकी मुलंमुली मॅट्रिक होतात, तरी या अन्यायाविरुद्ध तुमच्यातलं कोणी उठत नाही, असं त्यांनी समोर बसलेल्यांना सुनावलं.

ख्रिस्ती होणं म्हणजे लालूच, असं आजही सर्रास बोललं जातं. त्या आरोपासमोर हे भाषण ठेवून पाहावं. ख्रिस्ती झाल्यानं काय मिळतं याची चर्चा गावभर होते. काय जातं, आणि कोणाचं जातं, हा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये अहमदनगरला आणि १८६० च्या दशकात सोलापूरला पोचलं. रेल्वे नुकतीच आली होती, गिरण्या अजून यायच्या होत्या. पण धर्मांतराची किंमत काय असते हे महाराष्ट्राला त्याआधीच मुंबईत दिसलं होतं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनकडे राहत होता. तो अल्पवयीन, म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मुलगा घरी आला, आणि खरा वाद तिथून पुढे पेटला. त्याला जातीत परत घ्यायचं की नाही? घ्यावं, असं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाच ज्ञातीचा रोष सोसावा लागला. बाप्तिस्मा न झालेल्या पोराला आणि त्याची बाजू घेणाऱ्या पंडितालाही झळ लागते, एवढी ती भिंत उंच होती.

यानंतर कायदा आला. १८५० च्या कायद्यानं धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून वारसाहक्क जाणार नाही असं ठरवलं. त्यावर बंगाल आणि मद्रासेतून मोठा विरोध झाला. १८६६ मध्ये दुसरा कायदा झाला : ख्रिस्ती झालेल्याला त्याच कारणानं जोडीदारानं सहा महिने टाकलं, तर कोर्टात जाता येई, कोर्ट जोडीदाराला एक वर्ष विचार करायला देई आणि त्यानंतरच विवाह मोडता येई. एका वर्षाची ही मुदत मला फार बोलकी वाटते. घर मोडणं हा या श्रद्धेचा नेहमीचा परिणाम आहे, हे सरकारनं लेखी मान्य केलं होतं.

शेताचा वाटा कोर्टातून मिळवता आला, तरी पंगतीतलं पान कोणतंही कोर्ट देऊ शकत नव्हतं. आणि ज्यांच्याकडे शेतच नव्हतं त्यांना या कायद्यांचा उपयोग काय? सोलापूरच्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग. त्यांचं पोट बलुत्यावर, आणि बलुतं गावकीच्या कामाशी बांधलेलं. देवीच्या जत्रेत वाजवायला नाही म्हटलं, मेलेलं जनावर ओढायला नकार दिला, की पेंढी बंद. १८७६ ते ७८ आणि पुन्हा शतकाच्या शेवटी दुष्काळ पडले, तेव्हा मिशननं पोरकी मुलं सांभाळली. त्यातून ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा चिकटला. काहींनी भाकरीसाठी बाप्तिस्मा घेतलाही असेल. पण दुष्काळ सरल्यावरही, गावाचा बहिष्कार सोसून जे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, राहिले, त्यांचं स्पष्टीकरण भाकरीत सापडत नाही.

घराची किंमत सर्वांत उघडपणे दिसते ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या बाबतीत, आणि त्यातला एक भाग आपल्याच जिल्ह्यात घडला. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्यांजवळ होत्या, पदरात लहानगा मुलगा दत्तू. पुढची जवळपास पाच वर्षं नवराबायको वेगळी राहिली. त्यातला काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात नातेवाइकांकडे काढला. वारकऱ्यांच्या त्या गावात, नवरा जिवंत असून तो बाटला म्हणून एकटी राहणारी ब्राह्मण बाई. तिनं काय सोसलं असेल, हे ‘स्मृतिचित्रे’ ही तिची आत्मकथा वाचणाऱ्याला सांगायला नको. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोही मनाची पक्की तयारी झाल्यावर.

मला इथं थांबावंसं वाटतं. टिळकांचा त्याग आपण उपासनेत, कीर्तनात गौरवानं सांगतो, आणि तो त्याग होताच. पण निर्णय त्यांचा होता. लक्ष्मीबाईंनी ती पाच वर्षं न घेतलेल्या निर्णयापायी भरली. लूकच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा. त्या खर्चात बायको, लेकरं, म्हातारी आई यांच्या वाट्याचं दुःखही धरायला हवं, असं मला मनापासून वाटतं. साक्ष देताना आपण तेवढंच वगळतो.

स्वातंत्र्यानंतर किंमत संपली नाही, तिचा कागद बदलला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदूखेरीज इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीच्या बाहेर ठेवलं. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. १९३८ मध्ये बाबासाहेबांनी सोलापुरात ज्या शिष्यवृत्तीबद्दल विचारलं होतं, तिचा प्रश्न आता नोकरी आणि राखीव जागांपर्यंत पोचला. सूसाई नावाचा रस्त्याकडेला चपला शिवणारा मद्रासकडचा कारागीर सर्वोच्च न्यायालयात गेला होता. हिंदू चर्मकारांना मोफत टपरी मिळाली, त्याला ख्रिस्ती म्हणून नाही. १९८५ मध्ये न्यायालयानं त्याची मागणी फेटाळली : धर्मांतरानंतरही जातीचे जाच तितक्याच तीव्रतेनं टिकतात, हे दाखवलं गेलं नाही, असं सांगून. त्याच्या हातातला आरी-दाभण मात्र बाप्तिस्म्यानं बदलला नव्हता.

१९५५-५६ च्या हिंदू कायद्यांनीही घराच्या आत रेघ ओढली. जोडीदारानं धर्म बदलला तर तेवढ्या कारणावर घटस्फोट मागता येतो. धर्म बदललेल्या माणसाचा स्वतःचा वारसा शाबूत राहतो, पण धर्मांतरानंतर जन्मलेली त्याची मुलं, वारसा खुला होताना हिंदू नसतील तर, हिंदू आजोबांच्या मिळकतीला मुकतात. पुन्हा तेच : बापाच्या श्रद्धेची रक्कम लेकराच्या खात्यातून वळती होते.

धर्म आणि अनुसूचित जात यांची गाठ सोडवावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये केली; ती अमलात आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला. दरम्यान इथल्या कितीतरी घरांत धर्म एक आणि दाखल्यावरची नोंद दुसरी असं चालत आलं आहे. त्याला कोणी लबाडी म्हणतं. मी म्हणणार नाही. मुलीचं कॉलेज आणि मंडळीच्या नोंदवहीतलं तिचं नाव यांतलं एकच निवडा, असं आईबापाला सांगणारी व्यवस्था आधी तपासली पाहिजे.