ओ-यू-जी-एच अक्षरगटाचे इंग्रजी शब्द

ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे याच क्रमाने सलग येणारे इंग्रजी शब्द. लेखन एक आणि उच्चार अनेक, म्हणून हा गट प्रसिद्ध आहे. ‘दो’ (जरी) आणि ‘डो’ (मळलेली कणीक) यांत ओ, ‘थ्रू’ (मधून) यात ऊ, ‘रफ’, ‘टफ’, ‘इनफ’ यांत अफ, ‘कॉफ’ (खोकला) व ‘ट्रॉफ’ (गव्हाण) यांत ऑफ, ‘बाउ’ (फांदी), ‘प्लाउ’ (नांगर) व ‘ड्राउट’ (अवर्षण) यांत आउ, ‘थॉट’ (विचार), ‘बॉट’ (विकत घेतले), ‘फॉट’ (लढला) यांत ऑ. ‘बरो’ (नगरविभाग) व ‘थरो’ (सखोल) यांच्या शेवटी ब्रिटिश उच्चारात केवळ अस्फुट अ उरतो. आयरिश ‘लॉख’ (सरोवर) आणि ‘हिकप’ (उचकी) हे दोन शब्दही धरले तर उच्चारांची संख्या नऊ होते. काही कोशकार आठ मानतात, काही दहा. बोलीभेद किती मोजायचे यावर ते अवलंबून आहे. इंग्लंडमधील लेस्टरशर परगण्यातील लफबरो या गावाच्या नावात हा गट दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळा उच्चारला जातो.

लेखनाचा उगम : प्राचीन इंग्रजीत या शब्दांतील मूळ ध्वनी बहुधा कंठ्य घर्षक (घशात हवा घासून होणारा ध्वनी) होता, जर्मन ‘बाख’ या नावाच्या अखेरीस ऐकू येतो तसा. तो एच या अक्षराने लिहीत. ‘थ्रू’चे प्राचीन रूप ‘थुर्ख’, ‘थॉट’चे ‘थोख्त’, ‘रफ’चे ‘रूख’ असे होते. मध्य इंग्रजीच्या काळात (सुमारे बारावे ते पंधरावे शतक) या ध्वनीसाठी एच, सी-एच, तीनच्या आकड्यासारखे दिसणारे ‘योख’ हे अक्षर आणि जी-एच अशी रूपे एकाच वेळी चालत. त्या काळच्या हस्तलिखितांत एकट्या ‘थ्रू’ची शेकडो लेखनरूपे आढळतात. जी-एचचा प्रघात सर्वसाधारणपणे तेराव्या ते पंधराव्या शतकांत वाढला असावा.

तो कोणामुळे वाढला, हा वादाचा विषय आहे. १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांना हा ध्वनी अपरिचित होता आणि त्यांनी आपल्या सवयीने तो लिहिला, असे मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी भाषेचे अभ्यासक वॉल्टर स्कीट यांच्या लेखनामुळे रूढ झाले. पाठ्यपुस्तकांत ते अजूनही भेटते. भाषा-इतिहासाच्या अभ्यासक सेसिली क्लार्क यांनी १९९२ मध्ये ‘अँग्लो-नॉर्मन लेखनिक’ ही कल्पनाच तपासून ती मिथ्या ठरवली. विजयानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी इंग्लंडात इंग्रजी लिहिणारी माणसे परकी होती असे धरण्यास आधार तोकडा आहे, हा आक्षेप वजनदार वाटतो. योखची जागा जी-एचने घेण्यास पुढे छापखान्याचाही हातभार लागला. इंग्लंडचे पहिले मुद्रक विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तेव्हा युरोप खंडातून येणाऱ्या खिळ्यांत (छपाईच्या अक्षरठशांत) योख नव्हता. स्कॉटलंडमध्ये मुद्रकांनी त्याच्या जागी झेड वापरला, त्यामुळे तेथील एक आडनाव लिहिताना ‘मेन्झीस’ दिसते आणि परंपरेने उच्चारताना ‘मिंगिस’ होते.

ध्वनिबदल : लेखन स्थिरावत होते त्याच सुमारास घर्षक ध्वनी दक्षिण इंग्लंडच्या बोलण्यातून जाऊ लागला. त्याच्या दोन वाटा झाल्या. ‘थॉट’, ‘बॉट’ अशा शब्दांत ट या ध्वनीपूर्वी तो लोपला. शब्दाच्या अखेरीस, ओठ गोलावून उच्चारायच्या स्वरानंतर, काही शब्दांत तो ओष्ठ्य (ओठांनी उच्चारला जाणारा) होऊन फ झाला. ‘ड्वॉर्फ’ (बुटका) या शब्दातील फ याच वाटेने आलेला आहे, मात्र तेथे लेखनही बदलले. एकाच ठेवणीच्या शब्दांपैकी काहींतच फ का आला, याचे एक पटणारे उत्तर शब्दाच्या विभक्तिरूपांत मिळते. प्रत्यय नसलेल्या रूपात घर्षक अखेरीस राहून फ होई, तर प्रत्यय लागलेल्या रूपात तो दोन स्वरांमध्ये सापडून व-सारखा सौम्य होई. ‘इनफ’च्या जोडीला ‘इनाउ’ हे रूप दीर्घकाळ चालले. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात ते ‘इनफ’चे अनेकवचन म्हणून नोंदले आहे. ‘प्लाउ’ व ‘बाउ’ यांत असेच दुसरे रूप टिकले असावे. स्कॉट बोलींत मूळ घर्षक अजून ऐकू येतो. तेथे ‘थॉट’चे ‘थॉख्त’ होते.

या गटात एक घुसखोरही आहे. उचकी या अर्थाचा ‘हिकप’ हा अनुकरणवाचक शब्द. उचकी म्हणजे खोकल्याचाच प्रकार, या समजुतीने सतराव्या शतकात त्याचे लेखन ‘कॉफ’सारखे करण्यात आले, पण उच्चार जागचा हलला नाही.

सुधारणेचे प्रयत्न : अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांच्या १८२८ च्या कोशाने नांगरवाचक शब्द जी-एच वगळून लिहिला व तो तेथे रुळला. ऑगस्ट १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी मुद्रणालयाला ३०० शब्दांचे सुटसुटीत लेखन वापरण्याचा आदेश दिला. त्यात ‘दो’, ‘थ्रू’, ‘थरो’ होते. डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने विरोधी ठराव केल्यावर आदेश मागे पडला. शिकागो ट्रिब्यून या दैनिकाने मात्र ही रूपे १९३४ पासून १९७५ पर्यंत चालवली. जी, एच, ओ, टी, आय हे लेखन ‘फिश’ असे वाचता येते, हा विनोद ‘इनफ’मधील जी-एचचा फ, ‘विमेन’मधील ओचा इ आणि ‘नेशन’मधील टी-आयचा श यांवर उभा आहे. तो जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नावावर सांगितला जातो. परंतु १८५५ च्या एका पत्रात तो सापडतो आणि शॉ यांचा जन्म १८५६ चा आहे.

मराठीशी संबंध : ‘रफ वही’, ‘टफ पेपर’ या प्रयोगांमुळे या गटातील काही शब्द मराठीत उच्चारासह स्थिरावले. औषधाच्या संदर्भातील ‘कफ सिरप’मुळे इंग्रजी शब्द संस्कृत कफ शब्दाचाच भाऊ, असा समज आढळतो. तो टिकणारा नाही. इंग्रजी शब्दातील फ हा उशिरा आलेला बदल असून त्याची जर्मन व डच भावंडे ‘कॉइखेन’ व ‘कुखेन’ अशी ख-युक्त आहेत. खरे नाते ‘डो’ या शब्दाचे आहे. लिंपणे या अर्थाचा संस्कृत दिह् धातू, त्यावरून बनलेला देह आणि मळलेल्या कणकेचा ‘डो’ एकाच इंडो-युरोपीय मुळाचे मानले जातात. ‘रफ’ व रूक्ष यांचेही नाते काही व्युत्पत्तिकोश सांगतात, पण ते संभाव्य म्हणूनच धरावे.