निवेदक आणि सहभागी: बोलीच्या अभ्यासातली दोन वेगळी माणसं

नवी मुंबईतल्या घणसोली गावात आमच्या ओटीवर एक विद्यार्थिनी आजीची आगरी बोली टिपायला आली होती. मोबाइल चालू करून तिने पाण्याचा तांब्या दाखवला, 'यात काय आहे?' आजी म्हणाली, 'पाणी.' अगदी शाळेतला 'ण'. मोबाइल पिशवीत गेला आणि आजीने आत हाक दिली, 'गो, पोरीला पानी दे.'

जाताना त्या मुलीने संमतिपत्रावर आजीचा अंगठा घेतला. त्यावर छापलं होतं, 'सहभागी'. गोंधळ इथेच होतो. त्या दुपारी आजी सहभागी नव्हती, निवेदक होती. निवेदक म्हणजे आपल्या बोलण्याचा नमुना देणारा माणूस. काय विचारायचं, काय टिपायचं आणि त्याचा अर्थ काय, हे सगळं दुसराच ठरवतो.

ही रीत जुनी आहे. जॉर्ज ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ सालचा. त्यासाठी उधळ्या पुत्राच्या बायबलमधल्या गोष्टीची गावोगावच्या बोलीत भाषांतरं मागवली गेली. गोष्ट बाहेरची, लोकांनी फक्त तिचे शब्द बदलायचे. १९६२ मध्ये विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत 'फोर्थ फ्लोअर' (चौथा मजला) असंच उत्तर येईल असा प्रश्न विचारत २६४ कर्मचाऱ्यांचा 'र' ऐकला. आपण अभ्यासात आहोत हे त्यांना माहीतही नव्हतं.

तरी या रीतीला मी वाईट म्हणणार नाही. आपण प्रत्यक्षात कसं बोलतो हे आपल्यालाच नीट ठाऊक नसतं. 'तुम्ही पानी म्हणता का?' असं विचारलं असतं, तर आजी 'नाही' म्हणाली असती आणि ते तिला खरंच वाटलं असतं. माणसं बेसावध असताना जशी बोलतात तसंच ऐकायचं, पण ऐकायला माणूस समोर बसला की ती सावध होतात. हा पेच लबॉव्हनेच नेमका मांडला.

सहभागी माणसाचं काम उच्चारांच्या पलीकडचं. तो प्रश्नच बदलतो. आमच्याकडे 'डोळा'चा 'डोला' होतो, 'घोडा'चा 'घोरा'. ध्वनिमुद्रणात एवढं सापडतं. पण हेच 'घोरा' वर्गात बोलल्यावर कोण हसलं, त्यानंतर पोराने घरीही कोणत्या वयात 'घोडा' म्हणायला सुरुवात केली, दिवाळे गावातल्या कोळ्यांचा कोणता शब्द आम्ही आपला मानत नाही, हे विचारायला हवं हे बाहेरच्याला सुचतच नाही. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, शेजारी साताऱ्या-सांगलीची कुटुंबं राहायला आली. 'आगरी' नावाखाली संशोधक एकच खूण करतो. माझी आत्या मात्र घणसोलीची आगरी कुठे संपते हे गल्लीनुसार सांगते. तिचं हे सांगणं म्हणजे सामाजिक भाषाविज्ञानाचा, म्हणजे समाज आणि भाषा यांच्या नात्याच्या अभ्यासाचा, निष्कर्षच आहे.

म्हणून अभ्यासाला आलेल्या कुणालाही मी आता तीन गोष्टी विचारते. ध्वनिमुद्रण आम्हाला परत मिळणार का? 'हा शब्द वगळा' असं आम्ही सांगितलं तर वगळाल का? लिहिलेलं छापण्याआधी आत्याला वाचून दाखवणार का? तिन्हींना 'नाही' असेल तरी मी दार लावत नाही, आजीला बोलायला आवडतं. पण मग संमतिपत्रावरचा 'सहभागी' शब्द खोडून 'निवेदक' लिहायला सांगते.