डोळे मिटले तरी पाय कुठे आहे ते कळतं

इंग्रजीतला ‘सेन्स’ मराठीत आणायचा तर एका शब्दावर भागत नाही. डोळा-कान ही इंद्रियं, टोचल्याची ती संवेदना, ‘कॉमन सेन्स’मधली अक्कल आणि वाक्याचा अर्थ. खरा घोळ ‘सिक्स्थ सेन्स’ने घातलाय. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग त्याच नावावर चालतात. मूल नाकाशेजारच्या फटीतून बघत असतं. फट नीट बुजवा, वाचन थांबतं.

शाळेतल्या पाचांपलीकडचं एक भान मात्र प्रत्येकाला असतं. डोळे मिटून बोट नाकाला लावा. हात कुठे आहे हे कोणी सांगितलं? ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये याला प्रोप्रिओसेप्शन म्हटलं.

स्नायूच्या मांसल भागात, तंतूंना समांतर, काही मिलिमीटर लांबीच्या चात्या, म्हणजे ताण टिपणारे बारीक अवयव, असतात. स्नायू ताणला की चाती ताणते. तिला वेटोळं घातलेल्या चेतातंतूच्या टोकाशी पीझो-२ नावाच्या प्रथिनाची झडप उघडते, धनभारित आयन आत शिरतात आणि संदेश निघतो. ताण जितका जास्त आणि जितका झटपट, तितके संदेश दाट. पण स्नायू स्वतः आखडला तर चाती सैल पडून मुकी व्हायला हवी. तसं होत नाही, कारण गॅमा नावाच्या चेतापेशी त्याच वेळी चातीची दोन्ही टोकं आवळतात. ही तजवीज विलक्षण आहे. तिला फसवताही येतं: डोळे मिटून दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) सेकंदाला ८०-१०० कंपनं दिली, तर जागच्या जागी असलेला हात सरळ होतोय असं वाटतं.

डॉक्टर हे भान तपासताना पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरून वर-खाली करतात आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला दिशा विचारतात. वरून-खालून धरला तर बोटाच्या दाबावरूनच उत्तर कळतं, चाचणी फुकट जाते.

ब-१२ जीवनसत्त्व फार कमी पडलं की हे संदेश नेणारा मज्जारज्जूचा मागचा भाग बिघडतो. मग बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. उघडे असतात तोवर नजर सांभाळून घेते. दूध-दहीही न घेणारे शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणारे यांनी असं झाल्यास ब-१२ तपासून घ्यावं. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी ब-१२च्या अभावाचा रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण मज्जारज्जूची झीज चालूच राहते.