मुलांसाठी आणि मुलांविषयी

बालदिन जवळ आला की शाळांतून विचारणा सुरू होते. मुलांचा एखादा चांगला चित्रपट सुचवा, शक्यतो माहितीपट, म्हणजे मनोरंजनही होईल आणि चार गोष्टी कळतील. मग यादीत हमखास एखादा असा माहितीपट शिरतो, ज्यात वीटभट्टीवरची मुलं आहेत किंवा रेल्वे स्टेशनवर राहणारी. पडद्यावर मुलं दिसतात, तेव्हा तो मुलांचा, असा साधा हिशेब. पाचवीचा वर्ग थोड्याच वेळात चुळबुळ करू लागतो आणि मागे उभ्या असलेल्या बाई म्हणतात, हल्लीच्या पोरांना कशाचं काही वाटतच नाही. पोरांचा यात काही दोष नाही. मोठ्यांसाठी केलेली गोष्ट त्यांच्यापुढे लावली गेली, इतकंच.

मुलांसाठी केलेलं काम आणि मुलांविषयी केलेलं काम यांची सरमिसळ व्हायला आणखी एक कारण आहे. दोन्ही कामं बऱ्याचदा एकच माणूस करतो. दिग्दर्शकाच्या परिचयात ‘माहितीपट आणि मुलांचे कार्यक्रम’ असं एका दमात लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, एकाच कामाच्या या दोन शाखा असाव्यात. प्रत्यक्षात त्या माणसाला एका कामातून दुसऱ्यात जाताना बसायची जागासुद्धा बदलावी लागते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण इराणमध्ये सापडतं. मुलं आणि किशोरांच्या बौद्धिक विकासासाठी १९६५ साली तेहरानमध्ये एक संस्था निघाली. तिला सगळे ‘कानून’ म्हणतात. वाचनालयं चालवणं, पुस्तकं काढणं ही तिची मूळ कामं. थोड्या वर्षांनी तिथे चित्रपट विभाग उभा राहिला आणि तो उभा करणाऱ्यांत पुढे नावाजलेले दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी होते. त्याआधी ते जाहिराती करत. पुढची वीसेक वर्षं त्यांनी बहुतेक काम कानूनसाठीच केलं. पडद्यावर चिन्ह एकाच संस्थेचं आणि कॅमेऱ्यापुढे शाळकरी पोरं, म्हणून त्यांची ही सगळी कामं बिनदिक्कत ‘बालपट’ या एका कप्प्यात टाकली जातात. पण त्यातली दोन कामं शेजारी ठेवून बघा.

पहिलं १९७५ सालचं, ‘एका प्रश्नाची दोन उत्तरं’. जेमतेम पाच मिनिटांचं. मधली सुट्टी. दाराने नादेरची वही परत केली आहे, पण फाटलेली. उत्तर पहिलं: नादेर सूड घेतो, दारा त्याचा सूड घेतो आणि प्रकरण वस्तूंच्या नासधुशीवरून थेट मारामारीवर जातं. उत्तर दुसरं: थोडासा डिंक, पान चिकटवलं, दोघं दोस्तच राहिले. निवेदकाचा आवाज कोरडा, बातम्या वाचाव्यात तसा. कोणी उपदेश करत नाही, कोणी गाणं म्हणत नाही, शिक्षक तर दिसतही नाहीत. आठ वर्षांच्या पोराला बघताना एका क्षणापुरताही प्रश्न पडत नाही की आता काय चाललंय. आणि त्याला हसूही येतं, कारण सूडाची ती चढती भाजणी त्याच्या रोजच्या ओळखीची आहे.

दुसरं १९८९ सालचं, ‘गृहपाठ’. पूर्ण लांबीचा माहितीपट. तेहरानच्या एका शाळेतली मुलं एकेक करून येऊन बसतात. समोर किआरोस्तामी, डोळ्यांवर काळा चश्मा. घरी अभ्यास कोण घेतं? गृहपाठ झाला नाही तर काय होतं? गृहपाठ आवडतो की कार्टून? मुलं डोळे न मिटता सांगतात, गृहपाठ. शिक्षा म्हणजे काय हे बहुतेकांना पाठ आहे, कंबरपट्ट्यासकट. शाबासकी म्हणजे काय, असं विचारल्यावर बरीच मुलं गप्प होतात. अधूनमधून चित्र उलटतं आणि कॅमेरा आणि कॅमेरामनच दिसतात, म्हणजे त्या मुलाला समोर जे दिसतंय ते आपल्याला दिसतं. शेवटाकडे एक मुलगा इतका घाबरतो की दोस्ताला आत आणल्याशिवाय त्याला उभंही राहवत नाही.

हा माहितीपट मुलांना दाखवून उपयोग काय? त्यांना यातलं नवीन काहीच नाही. तो त्यांच्या आईबापांसाठी आहे, शिक्षकांसाठी आहे, आणि आपल्याच मुलाच्या गृहपाठाने बेजार झालेल्या एका बापासाठी, म्हणजे स्वतः दिग्दर्शकासाठी.

मला या दोन कामांतला फरक काल्पनिक आणि खरं असा वाटत नाही, जरी पाठ्यपुस्तकं तो तसाच सांगतील. मुलांसाठीचा माहितीपट असू शकतो (रेशमाचा किडा कोष कसा विणतो, हे कोणत्याही गोष्टीइतकं रंगतं) आणि मुलांविषयीची काल्पनिक गोष्ट तर सर्रास असते. फरक मूल कुठे बसलंय याचा आहे. पहिल्या कामात मूल प्रेक्षागृहात आहे आणि दिग्दर्शकाची बांधिलकी त्याच्याशी. त्याला कंटाळा आला, कळलं नाही, भलतीच भीती बसली, तर काम फसलं, मग समीक्षक काहीही म्हणोत. दुसऱ्या कामात मूल कॅमेऱ्यापुढे आहे. तिथे दिग्दर्शकाला दोघांना उत्तर द्यायचं असतं, एक समोरचा मोठा प्रेक्षक आणि एक ते मूल, ज्याला चित्रीकरण संपल्यावर त्याच घरी, त्याच शाळेत परत जायचं आहे.

पहिल्या प्रकारची शिस्त किती काटेकोर असू शकते ते बघायचं तर अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या छोट्यांसाठीच्या, माणसं आणि बाहुल्या असलेल्या टीव्ही कार्यक्रमाकडे बघावं. १९६९ च्या नोव्हेंबरात तो कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून आपल्याकडे ‘गली गली सिम सिम’ म्हणून आला तो त्याचाच भारतीय अवतार. प्रक्षेपणाआधी एडवर्ड पामर नावाच्या संशोधकाने एक युक्ती काढली. मुलाला टीव्हीसमोर बसवायचं आणि बाजूलाच दुसऱ्या पडद्यावर रंगीत पारदर्शिका (स्लाइड्स) लावायच्या, दर साडेसात सेकंदांनी बदलणाऱ्या. मुलाची नजर टीव्हीवरून केव्हा हटते ते टिपून ठेवायचं. जिथे नजर हटली तो तुकडा दुरुस्तीला किंवा कचऱ्यात. अशाच चाचण्यांत असं दिसलं की रस्त्यावरची दृश्यं आली की पोरं उठून जातात. कारण मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्यावरून त्या दृश्यांत फक्त खरी माणसं ठेवली होती, बाहुल्या वेगळ्या. खरं आणि खोटं यांची गल्लत नको म्हणून. निर्मात्यांनी सल्ला बाजूला ठेवला, रस्त्यावर माणसांच्या बरोबरीने वावरणारा भलामोठा पिवळा पक्षी आणला आणि पोरं जागेवर बसली. दिग्दर्शकाच्या अहंकाराला हे झेपणं कठीणच. साडेसात सेकंदांच्या पारदर्शिकेशी स्पर्धा करायची आणि हरलो तर मुकाट्याने कापायचं.

माहितीपटवाल्याला अशी चाचणी लावली तर तो बिचारा घरी जाईल. त्याची परीक्षा वेगळीच असते आणि ती बरीच उशिरा होते.

ब्रिटनमध्ये १९६४ साली ग्रॅनाडा टेलिव्हिजनने ‘सेव्हन अप’ केला. वेगवेगळ्या सामाजिक थरांतली सात वर्षांची मुलं निवडायची आणि दाखवायचं की पुढे कोण काय होणार हे वर्गावरूनच ठरून गेलेलं आहे. मुलं शोधून आणणाऱ्यांत मायकेल ॲप्टेड नावाचा एक तरुण संशोधक होता. १९७० पासून दिग्दर्शन त्याच्याकडेच आलं आणि दर सात वर्षांनी तो त्याच चौदा जणांकडे परत जात राहिला. त्याने केलेला शेवटचा भाग २०१९ चा, तेव्हा ती ‘मुलं’ ६३ वर्षांची होती. सातव्या वर्षी त्यांना कोणी विचारलं नव्हतं की आयुष्यभर हे चालेल का. काही जण मधेच बाहेर पडले, काही कुरकुरत येत राहिले. चौदांत मुली फक्त चार, आणि ही चूक ॲप्टेडने पुढे उघडपणे कबूल केली. पण ती दुरुस्त करायची सोय नव्हती, कारण १९६४ साली जे निवडलं ते निवडलं. आणि याच ॲप्टेडने २०१० मध्ये नार्नियाच्या मालिकेतला एक चित्रपट केला, खास पोरांसाठीचा, बोलणाऱ्या उंदरासकट! मधे एक बाँडपटही आहे. त्याच्या परिचयात हे सगळं ओळीने येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, मुलांचा दिग्दर्शक दिसतोय.

आपल्याकडे गोंधळ वाढवायला सरकारी इमारतीचीही मदत झाली. माहितीपट करणारा फिल्म्स डिव्हिजन १९४८ चा, मुलांसाठी चित्रपट करणारी बालचित्र समिती १९५५ ची. दोघांचा कारभार मुंबईत पेडर रोडवरच्या एकाच आवारात. फिल्म्स डिव्हिजनची रिळं थिएटरवाल्यांना मुख्य चित्रपटाआधी दाखवावीच लागत, त्यामुळे त्यांना प्रेक्षक आपोआप मिळायचा, पॉपकॉर्न घेईपर्यंतचा का होईना. बालचित्र समितीच्या नशिबी तेही नव्हतं. तिचे चित्रपट शाळांतून, महोत्सवांतून फिरत. २०२२ मध्ये दोन्ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन केल्या गेल्या, म्हणजे आता पाटीसुद्धा एकच.

या दोन्ही कामांत ये-जा केलेली मराठी माणसाला सगळ्यात जवळची दिग्दर्शिका म्हणजे सई परांजपे. सुरुवात पुणे आकाशवाणीवर, तिथले मुलांचे कार्यक्रम हे त्यांचं पहिलं नाव झालं. मग राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मग दिल्ली दूरदर्शन. बालचित्र समितीसाठी त्यांनी १९७४ मध्ये ‘जादू का शंख’ केला, दोन वर्षांनी ‘सिकंदर’. पुढे त्या समितीच्या अध्यक्षही दोनदा झाल्या. दुसऱ्या बाजूला माहितीपट चालूच होते. आणि या दोहोंच्या मधोमध ‘स्पर्श’ उभा आहे. दिल्लीच्या अंधशाळेत माहितीपटाच्या निमित्ताने गेल्यावर तिथले मुख्याध्यापक भेटले, आणि त्यांच्यावरून नायक घडला. चित्रपटातली बरीच मुलं त्या शाळेतलीच आहेत. ‘स्पर्श’ला कोणी बालपट म्हणणार नाही. दोन प्रौढांच्या स्वाभिमानाची आणि प्रेमाची गोष्ट आहे ती. पण त्यातली मुलं बघा. कोणी केविलवाणं नाही, कोणी ‘विशेष’ नाही. ती भांडतात, खोड्या करतात, नाटक बसवतात. मुलांसाठी काम केलेल्या माणसाच्या हातात कॅमेरा असला की मुलं पडद्यावर शोभेची राहत नाहीत, असं माझं मत आहे. उलट्या दिशेचा फायदा थोडा कमी दिसतो. माहितीपटातून बालमालिकेकडे आलेल्याला ऐकायची सवय असते, पण त्याला बराच काळ प्रत्येक गोष्ट ‘गंभीर’ करावीशी वाटते.

कायद्यानेही या दोन कामांकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघितलं आहे. मूल कलाकार म्हणून सेटवर असेल तर ते कामगार कायद्याच्या नियमांत येतं: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि मानधनातला किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत. इथे काळजी दमण्याची आणि पैशांची. माहितीपटात अत्याचाराला बळी पडलेलं मूल असेल, किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आडवं येतं: नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही दाखवायचं नाही. इथे काळजी उद्याची. चेहरा धूसर केला आणि मागे शाळेची पाटी तशीच राहिली, ही ढिलाई संकलनाच्या टेबलावर रोज पकडावी लागते.

तरीही सीमारेषेवरचे नमुने राहतातच. २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दोन मराठी चित्रपट होते. दोन्हीत वडील गेलेले, आई आणि मुलगा. परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ पंढरपुरातला, वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून पोरं वारीच्या गर्दीत दुकान मांडतात. त्याला सर्वोत्कृष्ट बालपटाचा पुरस्कार मिळाला, तमिळ ‘काका मुट्टै’बरोबर विभागून. तो प्रदर्शितही झाला १४ नोव्हेंबरलाच. अविनाश अरुणचा ‘किल्ला’ कोकणातला, पावसातला, बराचसा न बोलता चालणारा. तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, म्हणजे मोठ्यांच्या रांगेत बसला. मला विचाराल तर ही वाटणी बरोबर होती. पहिल्यात गोष्ट मुलाच्या वेगाने पळते, दुसऱ्यात आपण मुलाकडे थांबून बघत राहतो.

फक्त एक अडचण आहे. त्याच वर्षी बर्लिन महोत्सवात ‘किल्ला’ मुलांच्या विभागात होता आणि तिथला क्रिस्टल बेअर पुरस्कार त्याला देणारं परीक्षक मंडळ शाळकरी मुलांचं होतं.