इआइतो की शिन्केन: इआइदोच्या सरावाची तलवार निवडताना

काळ्या लाखेच्या म्यानांत शेजारी शेजारी ठेवलेल्या इआइतो आणि शिन्केन या दोन जपानी तलवारी नवख्याला एकसारख्याच दिसतात. मुठीवरील गोफ, त्याखालचे पाकट माशाचे खरबरीत कातडे, परज म्हणजेच त्सुबा, म्यानाला बांधलेली सागेओ दोरी, एवढेच नव्हे तर पात्यावरची लाटेसारखी पांढुरकी रेषाही दोघींवर असते. तरीही त्यांतली इआइतो ही केवळ सरावासाठी घडवलेली बोथट तलवार असते आणि शिन्केन हाडापर्यंत कापणारी. इआइदो म्हणजे म्यानातून तलवार उपसणे, वार करणे आणि ती पुन्हा म्यान करणे यांची शिस्तबद्ध साधना. ती शिकू लागलेल्या माणसाला वर्षभरात हमखास प्रश्न पडतो की लाकडी बोक्केन बाजूला ठेवून यांपैकी कोणती तलवार घ्यावी. ‘खोटी’ आणि ‘खरी’ अशी विभागणी करून या प्रश्नाकडे पाहिले की उत्तर बहुधा चुकते.

खरा फरक धातूत आहे आणि बाकीचे सारे फरक त्यातूनच निघतात. इआइतोचे पाते जस्त आणि अॅल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचे असते. त्याला धार लावता येत नाही, कारण हा धातू धार धरूनच ठेवत नाही. त्यावरची लाटेसारखी रेषा केवळ शोभेसाठी उमटवलेली असते. शिन्केनवर तीच रेषा पोलादाला पाणी देताना तयार होते. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप आणि धारेकडे पातळ लेप देऊन तापलेले पाते पाण्यात बुडवले की धार कठीण होते, पाठ त्या मानाने लवचीक राहते आणि दोहोंच्या सीमेवर ही रेषा उमटते.

इआइतोसाठी हा मिश्रधातू वापरण्यामागे जपानचा कायदा आहे. 1958 च्या शस्त्रनियंत्रण कायद्यानुसार 15 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याची पोलादी तलवार बाळगायची असेल तर तिची कलावस्तू म्हणून नोंद असावी लागते. ही नोंद प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे होते, आणि नवी तलवार परवानाधारक कारागिराने पारंपरिक रीतीने घडवलेली असेल तरच होते. अशा कारागिराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडवण्याची मुभा असते. साहजिकच शिन्केनची किंमत इआइतोच्या कित्येक पट असते आणि तिची वाटही पाहावी लागते. धार न धरणारी मिश्रधातूची तलवार या नोंदणीच्या कक्षेत येत नाही, म्हणूनच जपानमधील बहुसंख्य साधकांच्या कमरेला इआइतो दिसते.

येथे आणखी एक घोटाळा संभवतो. जपानबाहेरचे काही विक्रेते बोथट पोलादी तलवारीलाही इआइतो म्हणून विकतात. पात्याला लोहचुंबक चिकटला तर ती जपानी अर्थाने इआइतो नव्हे. चीनमध्ये बनलेली अशी पोलादी तलवार आपल्या गावात सरावाला चालेलही. परंतु तिची जपानमध्ये नोंद होऊ शकत नाही, त्यामुळे शिबिरासाठी ती तिकडे नेली तर विमानतळावरच जप्त होण्याची शक्यता असते. भारतात राहणाऱ्याने शिन्केनचा विचार करताना शस्त्र अधिनियम, 1959 आणि शस्त्र नियम, 2016 हे दोन्ही आधी नजरेखालून घालावेत. नियमांच्या यादीत तलवारीचा नावानिशी उल्लेख आहे, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी शहरात पोलीस आयुक्तालयात आणि अन्यत्र जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवाना शाखेत आयातीची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. इआइतोला धार नसली तरी लोकलमध्ये किंवा एसटीत ती उघडी न नेता बंद पिशवीतूनच न्यावी; समोरच्या प्रवाशाला मिश्रधातू ओळखता येत नसतो.

आता सरावाकडे वळू. दोन्ही तलवारींतला फरक सर्वांत स्पष्ट होतो तो उपसताना नव्हे, तर म्यान करताना. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात म्यानाचे तोंड धरलेले असते. पात्याची पाठ त्या बेचक्यावर टेकवून उजवा हात तलवार टोकापर्यंत ओढत नेतो, टोक तोंडाशी आले की ते आत वळवतो आणि मग पाते हळूहळू आत सरकते. हे सगळे नजर समोर ठेवून, हाताकडे न पाहता करायचे असते. नवशिक्याच्या हातून टोक हमखास बोटाच्या मांसात टेकते. इआइतो असेल तर ओरखडा येतो आणि गुरुजींचे बोलणे ऐकावे लागते; शिन्केन असेल तर टाके पडतात. उपसतानाही धार म्यानाच्या आतल्या बाजूला दाबली गेली, तर शिन्केन म्यानाचे लाकूड चिरून बाहेर येऊ शकते आणि नेमकी तिथेच डाव्या हाताची बोटे असतात. म्हणून पहिली काही वर्षे इआइतोच वापरावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि बहुतेक गुरूही हेच सांगतात. मात्र बोथट म्हणजे निर्धोक असे समजू नये. इआइतोचे टोक अणकुचीदार असते आणि ते शरीरात घुसू शकते.

उलट, इआइतोने जे कधीही करू नये ते म्हणजे कापणे. भिजवलेल्या चटईच्या गुंडाळ्या कापण्याचा सराव, ज्याला तामेशिगिरी म्हणतात, तो शिन्केननेच करायचा. मिश्रधातूचे पाते आघाताने वाकते किंवा तुटून उडते. समोरच्या साथीदाराच्या तलवारीवर ती आपटणेही वर्ज्य आहे. जोडीच्या सरावाला बोक्केनच योग्य.

तलवार आपल्या मापाची करून घेण्याच्या बाबतीत इआइतो फार उदार आहे. ब्लेडसाठी प्रसिद्ध असलेल्या गिफू प्रांतातील सेकी शहराच्या परिसरातील कारखानदार ग्राहकाने कळवलेल्या मापांप्रमाणे ती जुळवून देतात. सर्वांत आधी ठरवायची ती पात्याची लांबी. ती शाकु आणि सुन या जुन्या मापांत सांगतात. एक शाकु म्हणजे सुमारे 30.3 सेंटिमीटर आणि त्याचा दहावा भाग म्हणजे सुन. साधारण 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला 2 शाकु 4 सुन, म्हणजे जवळपास 72.7 सेंटिमीटर लांबीचे पाते सुचवले जाते. उंचीतील दर पाच सेंटिमीटरला साधारण अर्धा सुन कमी-जास्त करतात. परंतु तक्ता केवळ आरंभ आहे. हातांची लांबी, खांद्यांची मोकळीक आणि आपली परंपरा यांनी तो बदलतो, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी गुरूंची तलवार एकदा कमरेला लावून उपसून पाहावी. म्यान मागे ओढूनही टोक बाहेर पडायला खांदा उचलावा लागत असेल, तर ते पाते आपल्यासाठी लांब आहे.

मुठीची लांबी साधारण 8 ते 8.5 सुन असते. मोठ्या पंजाच्या माणसाने ती वाढवून घ्यावी. गोफ सुती, रेशमी किंवा चामड्याचा असतो. घाम फार येणाऱ्याला सुती गोफ बरा, कारण तो घाम शोषतो; मात्र तो लवकर मळतो. मुंबई किंवा कोकणातल्या दमट हवेत चामडे मला तरी नकोसे वाटते. त्सुबा निवडताना नक्षीपेक्षा वजन पाहावे. जड त्सुबा तोल हाताकडे आणतो आणि टोक हलके भासते, तर हलका त्सुबा टोकाला वजन देतो. पात्यावर पन्हळीसारखी खोबण घेतल्यास पाते हलके होते आणि वार सरळ गेला तर हवेचा स्पष्ट आवाज येतो. हा आवाज धारेचा कोन तपासायला उपयोगी असतो. पण आवाजासाठीच मनगट झटकणारे साधकही तयार होतात, आणि त्यांची ती सवय सुटता सुटत नाही. मुठीवरच्या ड्रॅगनसाठी जादा पैसे मोजणाऱ्याने तेच पैसे योग्य लांबीच्या पात्यासाठी ठेवले असते तर बरे, असे अनेकदा वाटते.

शिन्केनमध्ये ही मोकळीक नसते. तिथे पाते आधी असते आणि बाकी सारे त्याच्यासाठी घडते. प्रत्येक पात्याचा बाक आणि मुठीत जाणाऱ्या दांड्याची जाडी वेगळी असल्यामुळे मूठ आणि म्यान त्या एकाच पात्यासाठी कोरावे लागते. सोनचाफ्याच्या कुळातल्या होओनोकी झाडाचे मऊ लाकूड त्यासाठी वापरतात. एका तलवारीचे म्यान दुसरीला लावायचा प्रयत्न केला तर पाते आत अडकते किंवा खुळखुळते. इआइतोची पाती साच्यातून निघत असल्याने एकाच कारखान्याचे एकाच मापाचे म्यान पुष्कळदा बदलीत चालून जाते.

निगा राखण्यातही शिन्केन वेळ मागते. जुने तेल मऊ कागदाने पुसायचे, उचिको या बारीक भुकटीने राहिलेला ओशटपणा टिपायचा आणि नव्या तेलाचा अगदी पातळ थर द्यायचा. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात यात आठवडाभर हयगय झाली तरी गंजाचे ठिपके दिसू शकतात, आणि ते घालवायला पॉलिश करणारा कारागीर भारतात सहज मिळत नाही. इआइतो गंजत नाही. सरावानंतर बोटांचे ठसे पुसून तेलाचा हलका हात फिरवला की भागते.

मात्र दोन्ही तलवारींच्या मुठीतून आरपार जाणारी बांबूची खुंटी, म्हणजे मेकुगी, प्रत्येक सरावापूर्वी अंगठ्याने दाबून पाहिलीच पाहिजे. पाते मुठीत धरून ठेवण्याची भिस्त तिच्यावर असते. ती सैल लागली किंवा तिच्यावर चीर दिसली, तर त्या दिवशी बोक्केन घ्यावा.