मस्टरवर नाव नसलं तरी भरपाई मिळते

‘ठेकेदाराचा माणूस आहेस, कायम नाहीस, तुला कसली भरपाई?’ बांधकामावर किंवा वर्कशॉपात कुणी जखमी झालं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते खोटं आहे.

कामगार नुकसानभरपाईचा जुना कायदा 1923 चा होता. त्यात नैमित्तिक (अधूनमधून कामावर घेतलेल्या) कामगारांच्या एका गटाला वगळणारे शब्द होते, पण ते 2000 च्या दुरुस्तीने काढले गेले. ठेकेदाराने आणलेल्या मजुराच्या भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरही येते. मालकाने ती पुढे ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला हिशेब. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच तत्त्व आहे.

बघायचं ते एवढंच, की अपघात काम करताना आणि कामामुळे झाला का. तीन दिवसांच्या आत बरी होणारी दुखापत यात बसत नाही.

‘तुझीच चूक’ हा दुसरा बहाणा. साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. दारूच्या नशेमुळे किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढल्यामुळे इजा झाली तर जातो, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेव्हाही नाही.

पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जात असेल, तर मात्र दावा मालकाकडे नव्हे, कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे करायचा.