तोटीखालचा थेंब

आपल्याकडे चहा पातेल्यात उकळतो आणि गाळणीतून कपात येतो, त्यामुळे घरात टीपॉट लागत नाही. तो भेटतो हॉटेलात, दूध-साखर वेगळी मांडलेल्या ट्रेमध्ये, आणि बहुतेक वेळा टेबलक्लॉथवर तपकिरी डाग ठेवून जातो. चहा ओतून टीपॉट सरळ केला की शेवटचा ओघळ कपात न पडता तोटीखालून मागे वळतो. पातेल्यातून दूध हळू ओतलं तरी हेच होतं. धार सुटते कपाकडे आणि उतरते ओट्यावर. गंमत म्हणजे ही कटकट कशामुळे होते याचं पुरेसं गणित मांडायला २०२१ साल उजाडलं. चांगले कुंभार मात्र आपल्या परीने तिच्यावर फार आधीपासून तोडगे काढत होते.

तोटीचं भांडं चहापेक्षा कितीतरी जुनं. आपली झारी आणि कमंडलू घ्या, किंवा चीनमधल्या गरम पाण्याच्या सुरया. सोंग राजवटीत अशा सुरईतून फक्त पाणी ओतत. चहाच्या वड्या कुटून केलेली पूड वाडग्यात घालायची, वरून पाणी सोडायचं, बांबूच्या घुसळणीने फेस आणायचा आणि सगळं पिऊन टाकायचं. चोथा उरतच नसे, म्हणून तो अडवणारं भांडंही नव्हतं. १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवू याने दरबाराला खंडणी म्हणून येणाऱ्या चहाच्या वड्या बंद केल्या आणि सुटी पानं पाठवायला सांगितलं. वड्या करण्यात लोकांची फार शक्ती खर्च होते, हे त्यामागचं कारण. सुट्या पानांचा चहा रुजला तशी पानं मागे ठेवून फक्त पाणी सोडणाऱ्या भांड्याची गरज पडू लागली. टीपॉट म्हणजे गाळणी पोटात घेतलेली झारीच.

हे भांडं घडलं जिआंगसू प्रांतातल्या यीशिंगमध्ये. तिथल्या मातीला ‘जांभळी वाळू’ म्हणतात. तिच्या भांड्यांना ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, सहसा देत नाहीत. वू जिंग नावाचा दरबारी खोजा १५३३ मध्ये वारला. नानजिंगजवळच्या त्याच्या कबरीत वरून कमानीसारखी मूठ असलेला यीशिंगचा पॉट मिळाला आहे. पुढे शी दाबिन या नामांकित कारागिराने मोठे पॉट सोडून लहान करायला घेतले, आणि एकट्यादुकट्याने चवीने प्यायचा पॉट तिथला आदर्श झाला.

यीशिंगच्या कारागिरांचे ठोकताळे आजही कोणताही टीपॉट विकत घेताना उपयोगी पडतील. तोटीचं टोक, पॉटच्या तोंडाची कड आणि मुठीचा माथा एका पातळीत हवा. दिसायला ही शोभा वाटते, पण कारण साधं आहे. पॉटमधलं आणि तोटीतलं पाणी एकाच पातळीला राहतं, त्यामुळे टोक खाली असेल तर पॉट भरण्याआधीच तोटी वाहू लागते. झाकणाच्या भोकाचंही तसंच. चहा बाहेर पडायचा तर त्याच्या जागी हवा आत शिरली पाहिजे. ओतता ओतता भोकावर बोट ठेवावं, धार चटकन थांबली तर झाकण नीट बसलंय असं समजावं. मला तर ही परीक्षा भांड्यावरच्या शिक्क्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

तोटी मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती असते, कारण वाट अरुंद झाली की पाण्याचा वेग वाढतो. मुळाशी एकच भोक असेल तर एखादं फुगलेलं पान तिथे जाऊन बसतं. झारीतले शुक्राचार्य आपल्याला नवे नाहीत. बळीने दानाचं पाणी सोडू नये म्हणून ते झारीच्या तोटीत शिरले आणि वामनाच्या दर्भाने डोळा गमावून बसले. यीशिंगमध्ये एका भोकाच्या जागी पुढे बारीक भोकांची जाळी आली, तेव्हा दर्भाची गरज संपली.

युरोपात चहा पोचला सतराव्या शतकात, पण त्यासाठी भांडं कसं असावं याची तिथे कुणाला कल्पना नव्हती. १६७० मध्ये लॉर्ड बर्कली यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या समितीला भेट दिलेला चांदीचा टीपॉट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उंच, वर निमुळता, सरळ तोटीचा. कुणीही त्याला कॉफीचं भांडंच म्हणेल, पण त्याच्यावर ‘टीपॉट’ असं कोरलेलं आहे. गोल पोटाचा पॉट चीनहून चहाच्या जोडीने आला. मग डेल्फ्ट, स्टॅफर्डशर आणि माइसन इथल्या कारागिरांनी यीशिंगच्या लाल भांड्यांच्या नकला केल्या. चहा महाग होता तोवर पॉट लहानच राहिले. १७८४ मध्ये ब्रिटनने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, चहा घरोघरी शिरला आणि पॉटचं पोट वाढलं.

मोठा पॉट भरला की मनगटाला जड होतो. मँचेस्टरच्या रॉयल यांनी १८८६ मध्ये यावर अजब उपाय काढला. त्यांच्या पॉटचं झाकण म्हणजे पंपाचा दट्ट्या. ते वर ओढून खाली दाबलं की पॉट जागचा न हलता तोटीतून चहा पडतो. १९१७ मध्ये रॉबर्ट क्रॉफर्ड जॉन्सन यांनी ‘क्यूब’ नावाचा चौकोनी टीपॉट नोंदवला. त्याला बाहेर आलेली तोटी नव्हती, त्यामुळे टोक फुटायची भीती नव्हती, आणि तो रचून ठेवायला सोपा होता. क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवर तो अनेक वर्षं वापरात राहिला.

थेंबाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. माझ्या मते त्यातला थोडा दोष ग्लेझचा. भट्टीत ग्लेझ वितळतो, तोटीच्या धारदार कडेवर पसरतो आणि ती गोल करून टाकतो. इंग्लंडच्या घराघरांतला ‘ब्राऊन बेटी’ पॉट लाल मातीचा, त्यावर दाट तपकिरी ग्लेझ. या रंगावर चहाचे ओघळ दिसत नाहीत. रोग बरा होत नसेल तर निदान झाकावा, असा हा व्यवहार! १९२०च्या दशकात ॲल्कॉक, लिंडली अँड ब्लूर या कारखान्याने न गळणारी तोटी आणि ओतताना न पडणारं झाकण आणून ब्राऊन बेटीची बरीच सुधारणा केली.

शास्त्रज्ञ या थेंबाकडे वळले १९५६ मध्ये. द्रवांच्या वाहण्याचे अभ्यासक मार्कुस रायनर यांनी त्याला ‘टीपॉट परिणाम’ हे नाव दिलं. सगळ्यांना वाटत होतं की हा पृष्ठताणाचा खेळ आहे. पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी वेगळं कारण मांडलं. तोटीच्या काठाला वळसा घालताना द्रवाचा वेग वाढतो, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवाच धारेला तोटीकडे ढकलते. न गळणाऱ्या तोटीच्या गणितासाठी केलर आणि ज्याँ-मार्क व्हाँडेन-ब्रोएक यांना १९९९ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं विनोदी पारितोषिक, मिळालं. त्याच वर्षीच्या भौतिकशास्त्राच्या इग नोबेलचा दुसरा मानकरी होता चहात बिस्कीट बुडवण्याची योग्य रीत शोधणारा. जोडी जमली होती.

नंतर फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं की काठ पाणी अजिबात न धरणारा केला तर ओघळ थांबतो, म्हणजे पृष्ठभाग भिजतो की नाही हेही महत्त्वाचं. टोकाच्या खालच्या बाजूला लोणी लावायच्या जुन्या घरगुती युक्तीचं मर्म हेच. २०२१ मध्ये व्हिएन्ना आणि लंडनच्या बर्नहार्ड शाइकल, रॉबर्ट बोल्स आणि जॉर्जिओस पासियास यांनी सगळे धागे जुळवले. काठाच्या अगदी खाली एक इवलासा थेंब कायम राहतो आणि तिथली जागा ओली ठेवतो. धार जोरात असेल तोवर त्याचं काही चालत नाही. वेग एका मर्यादेखाली गेला की तो सगळी धार आपल्याकडे वळवतो. म्हणून कप लवकर भरेल या भीतीने हळूहळू ओतणाऱ्याच्याच टेबलक्लॉथवर डाग पडतो.

तेव्हा काठ धारदार हवा आणि ओतणं बिनधास्त हवं. काठाचं कुंभाराच्या हातात असतं. चाकावर वर ओढलेल्या तोटीच्या मातीत चाकाचा पीळ राहतो आणि भट्टीत तो थोडा उलगडतो. टोक सरळ कापलं तर भाजून निघाल्यावर ते एका बाजूला कललेलं दिसतं आणि धारही तिरकी पडते. म्हणून अनुभवी कुंभार ओली तोटी तारेने मुद्दाम वाकडी कापतो, आणि भट्टीतून ती सरळ होऊन बाहेर येते.